दमट हवेतला केक: सजावट शिकतानाच्या नोंदी

९ जून २०२४, डिचोली (गोवा)

येत्या डिसेंबरात आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशीचा केक घरी करावा आणि त्यावर तिच्या आवडीची अबोलीची व शेवंतीची फाती, म्हणजे फुलांची गुंफलेली माळ, क्रीमने काढावी, असे ठरवले आहे. केक भाजण्याचा सराव मला आहे, सजावटीचा अजिबात नाही. म्हणून या नोंदी मुख्यतः सजावटीच्या आणि तिला लागणाऱ्या साहित्याच्या आहेत. आई अंडे खात नाही. त्यामुळे केक दह्याचा असेल आणि अंड्याच्या पांढऱ्यावर बेतलेली मेरँगची क्रीमे व नेहमीच्या पद्धतीचे रॉयल आयसिंग (वाळून कडक होणारा साखरेचा लेप) पहिल्याच दिवशी यादीतून वगळले आहे.

घरात आधीपासून २८ लिटरचा ओटीजी (विजेची छोटी भट्टी), ३०० वॅटचा हँड बीटर, मैद्याची चाळण आणि पाव कापायची दातेरी सुरी आहे. खर्चाची मर्यादा ८,००० रुपये धरली आहे. शंभर नगांचा सजावटीचा संच विकत घ्यावा असे अनेकजण सुचवतात. शेजारच्या घरी तसा एक संच होता, तो मागून आणून उजेडात नीट पाहिला. त्यातली नोझल (क्रीमच्या पिशवीला लावायची टोके) पातळ पत्र्याची आहेत, पत्र्याचा सांधा आतून उघडा आहे आणि मागच्या पावसाळ्यात काहींना गंज चढलेला आहे. उघड्या सांध्यामुळे प्रत्येक पाकळीवर एक रेघ उमटते, आणि ती रेघ कितीही सरावाने जात नाही. म्हणून संच न घेता सांधा नसलेली स्टीलची पाचच नोझल सुटी मागवली आहेत: लिहिण्यासाठी व देठासाठी ३ क्रमांक, शेवंतीसाठी ८१, सपाट पाकळीसाठी १०४, पानासाठी ३५२ आणि मोठ्या चांदणीसाठी १एम. पाचांचे मिळून ४३० रुपये झाले.

१४ जून

शुक्रवार असल्याने म्हापशाच्या आठवडी बाजारात गेलो. भांड्यांच्या ओळीत ॲल्युमिनियमची गोल भांडी भरपूर होती, पण बहुतेकांच्या कडा वर जाताना बाहेर झुकलेल्या असतात. अशा भांड्यातला केक उलटा केला की बाजू उतरती होते आणि मग ती सरळ करण्यासाठी खालच्या अंगाला क्रीमचा जाड थर चढवावा लागतो. भांड्याच्या बाजूला काटकोनी पट्टी लावून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. सरळ बाजूंची ८ इंच व्यासाची, ३ इंच उंचीची दोन भांडी २१० रुपयांना एक अशी मिळाली.

बाजू गुळगुळीत करण्याचा स्क्रॅपर दुकानात प्लास्टिकचा होता आणि त्याची कड वाकडी होती. परतताना पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून स्टीलच्या पत्र्याचा ६ इंच लांबीचा तुकडा कापून, घासून आणि एका बाजूने पकडण्यासाठी दुमडून घेतला. १०० रुपयांत झालेली ही वस्तू दुकानातल्या स्क्रॅपरपेक्षा सरस आहे, कारण पत्रा जाड आहे आणि दाब दिल्यावर वाकत नाही. ४५० रुपयांचा डिजिटल वजनकाटा आणि ३८० रुपयांचे तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र घेतले. हे यंत्र केकच्या साहित्याच्या कुठल्याही यादीत सापडणार नाही, परंतु गोव्यात हे काम करणाऱ्याने ते आधी घ्यावे असे माझे मत आहे.

२३ जून

स्वयंपाकघरात २९ अंश, आर्द्रता ८८ टक्के. साधे बटरक्रीम केले: एक भाग लोणी, दोन भाग आयसिंग शुगर. लोणी टेबलावर ठेवल्यापासून अर्ध्या तासात इतके मऊ झाले की फेटल्यावर क्रीम फुलण्याऐवजी चकाकू लागले. चकाकी आली म्हणजे स्निग्धांश वितळू लागला असे समजावे. पिशवीत भरल्यावर तळहाताच्या उष्णतेने ते आणखी सैल झाले आणि उलट्या भांड्यावर काढलेल्या चांदण्यांच्या कडा पाहतापाहता गोल झाल्या. वाडगा फ्रिजमध्ये दहा मिनिटे ठेवून पुन्हा फेटल्यावर क्रीम सावरले, पण पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा तेच झाले.

यातून पुढील गोष्टी पक्क्या झाल्या. खारे पिवळे लोणी चालत नाही, कारण त्याचे मीठ गोडाला मारते आणि पिवळेपणा प्रत्येक रंगात उतरतो. बिनमिठाचे पांढरे लोणीच घ्यावे. पिशवी कधीही पूर्ण भरू नये, मुठीत मावेल इतकेच क्रीम घ्यावे आणि उरलेले फ्रिजमध्ये असावे. आयसिंग शुगरचे उघडे पाकीट दोन दिवसांत दगड होते, म्हणून ते आणल्या दिवशीच चाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावे. तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडे कॉर्नफ्लोअर घातलेले असते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पुरे पडत नाही. चाळणीतून गेलेली एक गुठळी ३ क्रमांकाच्या नोझलमध्ये अडकली की सगळी पिशवी रिकामी करावी लागते.

३० जून

सरावासाठी खाण्याचे साहित्य वापरणे थांबवले. वनस्पती तूप आणि आयसिंग शुगर समभाग फेटून एक गोळा तयार केला आहे; तो खायचा नाही, त्यामुळे काढलेले फूल खरवडून पुन्हा डब्यात टाकता येते आणि वितळणबिंदू लोण्यापेक्षा वरचा असल्याने तो या हवेतही आकार धरतो. सरावाचा पृष्ठभाग म्हणून उलटे घातलेले केकचे भांडे पुरेसे आहे. एकदाच वापरायच्या शंभर पिशव्या ३५० रुपयांना आणि नोझल बदलण्याचे कपलर ६० रुपयांना घेतले.

१४ जुलै

व्हिपिंग क्रीम वापरून पाहिले. आपल्याकडे केकवर सर्रास दिसते ते वनस्पतीजन्य स्निग्धांशाचे क्रीम, गोठवलेल्या खोक्यात मिळते आणि उणे १८ अंशांवर साठवायचे असते. ते पणजीच्या दुकानातून आणावे लागते आणि बसने घरी पोचेपर्यंत पाघळते, म्हणून १५० रुपयांची, मासळीसाठी वापरतात तसली थर्मोकोलची पेटी घेतली आणि तिच्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये खोका ठेवून आणला. तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून, आत बर्फाचे बारीक कण शिल्लक असतानाच फेटावा. वाडगा आणि बीटरची पाती आधी फ्रीझरमध्ये ठेवून, वाडगा बर्फाच्या परातीत बसवल्यावर क्रीम सुरेख फुलले आणि तिपटीहून अधिक झाले.

त्याच रात्री पाऊस कोसळला आणि वीज कित्येक तास गेली. फ्रीझरमधला दुसरा खोका पूर्ण वितळला आणि वीज आल्यावर पुन्हा गोठला. सकाळी तो फेटला तेव्हा पाणी वेगळे आणि दाणेदार फेस वेगळा अशी त्याची अवस्था होती. एकदा पूर्ण वितळून पुन्हा गोठलेले क्रीम कोणत्याही उपायाने सुधारत नाही, हे तेव्हा कळले. पावसाळ्यात साठा करू नये, लागेल त्या आठवड्यात लागेल तेवढेच आणावे. जास्त फेटल्यामुळे खडबडीत झालेले क्रीम मात्र सुधारते: त्यात न फेटलेले द्रव क्रीम चमचाभर घालून हाताने हलकेच कालवले की जाळी मिटते.

या क्रीमचा थर केकवर छान बसतो, परंतु अबोलीसारखे बारीक फूल त्यातून नीट निघत नाही. पाकळीची कड फाटते आणि वाडगा बर्फावरून उतरताच फूल खाली बसते. थरासाठी एक आणि फुलांसाठी दुसरे असे दोन वेगळे पदार्थ लागतील असे दिसते.

२८ जुलै

बाजू गुळगुळीत होत नव्हती, आणि त्याचे कारण २६० रुपयांच्या प्लास्टिकच्या टर्नटेबलमध्ये (केक ठेवून फिरवायच्या तबकडीत) सापडले. ते इतके हलके आहे की स्क्रॅपरचा दाब पडला की तबकडी एका बाजूला कलते आणि केकवर दर फेऱ्याला एकाच जागी खळगा पडतो. मी हातातला दोष शोधत बसलो होतो आणि दोन रविवार त्यात गेले.

आमच्या वाड्यावर गणपतीची चित्रशाळा आहे आणि सध्या तिथे चवथीच्या मूर्तींचे काम जोरात चालू आहे. तिथले काका मातीच्या मूर्ती फिरत्या पाटावर घडवतात. पाटाची बैठक जड आहे, त्यामुळे वरचा भाग फिरताना जागचा हलत नाही. त्यांनी मला एक रिकामा पाट वापरायला दिला आणि मी स्क्रॅपर कसा धरतो ते थोडा वेळ पाहून एवढेच म्हणाले, ‘हात हलवू नको, पाट हलू दे.’ कोपर पोटाशी टेकवून, स्क्रॅपर केकच्या बाजूला थोडा तिरपा धरून आणि डाव्या हाताने पाट एका दमात जास्तीत जास्त फिरवून पाहिल्यावर पहिल्यांदा सलग, न तुटलेला पृष्ठभाग आला. स्क्रॅपर दर फेऱ्यानंतर पुसून घ्यावा; त्यावर साचलेले क्रीम पुढच्या फेऱ्यात केकवर ओरखडे काढते. वरची कड टोकदार हवी असेल तर बाजूचे क्रीम वर थोडे उभे राहू द्यावे, केक थंड करावा आणि मग ते उभे क्रीम सुरीने बाहेरून मध्याकडे ओढून सपाट करावे.

मुंबईला राहणारा पुतण्या चवथीला येताना क्रॉफर्ड मार्केटमधून जड बैठकीचे, ॲल्युमिनियमच्या तबकडीचे टर्नटेबल १,६५० रुपयांना आणणार आहे. सगळ्या साहित्यात हा एकच खर्च मोठा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. त्याच्याबरोबर एक सरळ आणि एक मान वाकलेली अशा दोन पॅलेट नाइफही (क्रीम पसरायच्या बिनधारेच्या सुऱ्या) सांगितल्या आहेत. दोन्ही मिळून ३४० रुपये. मान वाकलेली सुरी घेतल्यावर बोटे क्रीमला लागत नाहीत, त्यामुळे वरचा थर तिनेच पसरावा.

११ ऑगस्ट

श्रावण लागला आहे. सरावाचा गोळा घेऊन रोज संध्याकाळी फुले काढतो. शेवंती लवकर साधली: फ्लॉवर नेलवर (फूल काढताना बोटांत धरून फिरवायच्या सपाट डोक्याच्या खिळ्यावर) क्रीमची एक छोटी टेकडी करावी, ८१ क्रमांकाचे नोझल तिला टेकवून बाहेर ओढावे आणि सोडावे, खालच्या फेऱ्यात पाकळ्या लांब व आडव्या, वर जाताना आखूड आणि उभ्या. नोझलचा खोलगट भाग मध्याकडे असला पाहिजे, तो उलटा झाला की पाकळीऐवजी पट्टी निघते.

अबोलीने मात्र बराच काळ दमवले. सजावटीच्या धड्यांतून मिळणारी सगळी फुले गुलाब, पिओनी किंवा पाच समान पाकळ्यांची असतात आणि अबोली त्यांतल्या कुठल्याच साच्यात बसत नाही. परसातले फूल तोडून भिंगाखाली पाहिले. त्याची नळी बारीक असून वरचा पसारा एकाच बाजूला उघडलेल्या पंख्यासारखा आहे, आणि त्या पंख्याच्या कडेला उथळ खाचांनी पाच भाग पडले आहेत. म्हणजे गोल फिरवून काढण्याची रीतच इथे चुकीची ठरते. नेल न फिरवता, १०४ क्रमांकाच्या नोझलचे रुंद टोक मध्यबिंदूवर स्थिर ठेवून आणि अरुंद टोक बाहेर करून, एकाला एक चिकटून पाच आखूड दाब दिले की तसाच पंखा उमटतो. दोन दाबांच्या मध्ये क्रीम पूर्ण सोडू नये, नाहीतर पाकळ्या सुट्या होतात आणि फूल अबोलीचे राहत नाही. शेवटी ३ क्रमांकाने मध्याशी एक पिवळसर ठिपका द्यावा.

२५ ऑगस्ट

रंगाचा विचार. बाजारातले पातळ द्रव रंग क्रीम सैल करतात, म्हणून जेल रंगांच्या चार बाटल्या ७५ रुपयांना एक अशा घेतल्या: पिवळा, नारिंगी, गुलाबी, हिरवा. अबोलीची छटा नुसत्या नारिंगीतून येत नाही. नारिंगीत थोडा पिवळा आणि सुईच्या टोकाएवढा गुलाबी मिसळला की ती जवळ येते. रंग मिसळल्यावर तो लगेच पूर्ण खुलत नाही. दुपारी फिकट वाटलेले क्रीम रात्री गडद झालेले होते, म्हणून हव्या त्या छटेच्या आधीच थांबून क्रीम काही तास झाकून ठेवावे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक किलो तयार पदार्थात कृत्रिम रंग १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, आणि खाणाऱ्यांत लहान मुले असणार आहेत, हे लक्षात घेऊन गडद रंगांचा मोह टाळला आहे.

घरच्या रंगांचाही प्रयत्न केला. आमसुलाचे पाणी आटवून घातले तर क्रीम आंबट झाले आणि फाटले. हळद चालते, पण चव लागू न देता फार थोडी घालता येते, त्यामुळे तिचा उपयोग शेवंतीच्या फिकट पिवळ्यापुरताच आहे. तेवढ्यासाठी मी ती ठेवणार आहे.

५ सप्टेंबर

परवा चवथ. फ्रिजमध्ये जागा नाही, ओट्यावर नेवऱ्यांची तयारी चालू आहे, घर पाहुण्यांनी भरणार आहे. काम थांबवले. सरावाचा गोळा झाकून ठेवला आहे.

२२ सप्टेंबर

२८ अंश, आर्द्रता ८६ टक्के. पाऊस अजून आहे. नवे टर्नटेबल आले आणि काकांचा पाट परत केला.

फाँडंट (कणकेसारखा लाटायचा साखरेचा गोळा) वापरला तर फुले आधीच करून ठेवता येतील आणि शेवटच्या दिवसाची घाई टळेल, या आशेने लाटणे, कापायचे साचे, फाँडंट कडक करणारी सीएमसी पावडर आणि एक किलो फाँडंट असे ७८० रुपयांचे साहित्य घेतले. पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत, कारण काही फाँडंटमध्ये जिलेटिन असते आणि शाकाहारी घरात ते चालत नाही. लाटताना फाँडंट ओट्याला चिकटला, म्हणून कॉर्नफ्लोअर भुरभुरले. जास्त पडल्याने पृष्ठभागाला तडे गेले. सीएमसी घालून केलेल्या पाकळ्या कोरड्या हवेत रात्रीत कडक होतात असे वाचले होते. इथे त्या चार दिवसांनीही वाकत होत्या आणि पाचव्या दिवशी देठाकडून ओघळल्या. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पाकळ्यांना स्पर्श होणार नाही अशा, ठेवल्यावर काही पाकळ्या वाळल्या, पण डबा उघडून केकवर लावल्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ पडल्या. साखर हवेतले पाणी ओढते आणि फाँडंट जवळजवळ सगळा साखरेचाच आहे, त्यामुळे यात कौशल्याचा भाग कमी आणि हवेचा जास्त आहे.

फाँडंटने झाकलेला केक फ्रिजमधून बाहेर काढला तेव्हा तर त्यावर थेंब जमून रंग ओघळला. या हवेत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणारच. फाँडंट सोडून दिला. साहित्य पुण्याला राहणाऱ्या बहिणीला दिले. तिकडच्या हिवाळ्यात ते उपयोगी पडेल.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. ३२ अंश, आर्द्रता ७४ टक्के. पावसापेक्षा आता उकाड्याचा त्रास. केकचा बाहेरचा थर गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा, करायचा असे आता ठरले आहे, कारण चॉकलेट थंड झाल्यावर घट्ट होते आणि साखरेप्रमाणे हवेतल्या दमटपणाने लगेच सैल पडत नाही.

पहिले गनाश दोन भाग गडद चॉकलेट आणि एक भाग क्रीम या नेहमीच्या प्रमाणात, खऱ्या कोको बटरच्या चॉकलेटचे केले. चव उत्तम होती, पण या तापमानात ते बोट लावले की खळगा पडेल इतके मऊ राहिले. दुसऱ्या वेळी गडद कम्पाउंड चॉकलेट तीन भाग आणि २५ टक्के स्निग्धांशाचे खोक्यातले साधे फ्रेश क्रीम एक भाग घेतले. कम्पाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य स्निग्धांश असतो, त्यामुळे त्याला टेम्परिंग (ठरावीक तापमानांना तापवून-थंड करणे) लागत नाही, पण चव थोडी मेणचट होते. शेवटी एक तृतीयांश खरे चॉकलेट आणि दोन तृतीयांश कम्पाउंड असे मिश्रण, क्रीमच्या तिप्पट, हे प्रमाण चवीला आणि उकाड्याला दोन्हीकडे मानवले.

क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवावे, चिरलेल्या चॉकलेटवर ओतून काही मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग मध्यापासून लहान वर्तुळात ढवळावे. एका घाण्यात तेल वेगळे सुटले होते. त्यात कोमट दूध चमच्याचमच्याने घालून ढवळत राहिल्यावर ते पुन्हा एकजीव झाले. रात्रभर झाकून ठेवलेले गनाश सकाळी पसरण्याजोगे घट्ट होते आणि बाजू सपाट करताना स्टीलचा स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवून, पूर्ण पुसून फिरवला की आरशासारखी चकाकी येते. क्रीमच्या थराला हीच गरम पाती लावली तर ते वितळते. ही रीत गनाशलाच योग्य आहे.

फुलांसाठीचे क्रीमही आता ठरले: २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, २०० ग्रॅम बेकरीत वापरतात ते पांढरे शॉर्टनिंग (घट्ट वनस्पतीजन्य स्निग्धांश) आणि ७५० ग्रॅम आयसिंग शुगर. निव्वळ शॉर्टनिंगचे क्रीम जिभेवर थर धरते, निव्वळ लोण्याचे टिकत नाही.

१७ नोव्हेंबर

२९ अंश, आर्द्रता ६५ टक्के. रंगीत तालीम केली. बिनअंड्याचा केक मऊ आणि भुरभुरीत असल्याने कापताना तुकडे पडत होते. भाजल्यानंतर प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर दातेरी सुरीने स्वच्छ थर निघाले. साखरेचे पाणी शिंपडताना हात आखडता ठेवावा, दह्याच्या केकला ते फार थोडे पुरते. पहिला पातळ थर भुगा बसवण्यासाठी, मग वीस मिनिटे फ्रीझर, मग दुसरा जाड थर, या क्रमात कुठेही घाई करता येत नाही.

फुलांची अडचण वेगळी होती. ओल्या क्रीमची फुले नेलवरून उचलून केकच्या बाजूला लावताना मोडत होती. ४० रुपयांना एक असे दोन नेल आणि बटर पेपरचे लहान चौकोन घेऊन प्रत्येक फूल कागदावर काढले, ट्रेमध्ये रचून फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवले आणि कडक झाल्यावर कागद सोलून लावले. कडक फूल घट्ट झालेल्या गनाशला चिकटत नाही, म्हणून मागे मऊ गनाशचा ठिपका लावून क्षणभर दाबून धरावे. फुले फ्रीझरमध्ये आठवडाभर बंद डब्यात उत्तम टिकली. फाँडंटमुळे जी सोय मिळेल असे वाटले होते, ती या रीतीने मिळाली.

१५ डिसेंबर

काल रात्री गनाश लावले, आज पहाटे फुले बसवली. पहाटे स्वयंपाकघरात २३ अंश होते आणि कामाला कधी नव्हे इतकी सवड मिळाली. वरच्या कडेने अबोलीची फाती, ३५२ क्रमांकाची बारीक पाने, आणि बाजूला खालून वर जाणाऱ्या पाच शेवंती.

कार्यक्रम फोंड्याला भावाकडे होता. केकचा पुठ्ठा आणि खोक्याचा तळ यांच्यामध्ये दुतर्फी चिकटपट्टी लावली आणि खोका गाडीच्या आसनावर न ठेवता मागच्या सपाट भागात रबरी चटईवर ठेवला, कारण आसन मागे उतरते असते आणि केक त्याच बाजूला सरकतो. प्रत्येक गतिरोधकापाशी गाडी जवळजवळ थांबवली. पोचल्यावर खोका लगेच उघडला नाही. थंड केक खोक्यासकट तासभर तसाच राहू दिल्यामुळे दव बाहेरच्या पुठ्ठ्यावर जमले आणि फुले कोरडी राहिली. मागच्या बाजूची एक शेवंती निसटली होती, तिच्यामागे गनाशचा ठिपका कमी पडला होता. बरोबर नेलेल्या गनाशने ती परत बसवली. फ्रीझरमधली जादा फुले आणि गनाशची वाटी बरोबर नेणे अनिवार्य आहे.

आईने फाती लांबून पाहिली आणि जवळ येऊन विचारले की अबोली परसातली की विकतची. तिने केक कापला तेव्हा वरची फुले कुणालाही खाऊ दिली नाहीत, बशीत काढून ठेवली.

५ जानेवारी २०२५

हिशेब पुरा केला. साधने, रंग आणि पुठ्ठ्याचे खोके (२४० रुपये) यांचे मिळून ५,९९० रुपये झाले. लोणी, चॉकलेट, क्रीम, साखर यांचा खर्च साधारण ४,५०० रुपये, म्हणजे ठरवलेली मर्यादा बरीच ओलांडली. त्यातले प्लास्टिकचे टर्नटेबल, फाँडंटचे साहित्य आणि वाया गेलेला क्रीमचा खोका वाचले असते तर हजारावर रुपये शिल्लक राहिले असते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने वजनकाटा, आर्द्रतामापक, जड टर्नटेबल, एक स्टीलचा स्क्रॅपर, मान वाकलेली सुरी आणि तीन नोझल एवढेच आधी घ्यावे. १एम क्रमांकाचे नोझल मी सरावानंतर एकदाही वापरले नाही.

नोझल धुतल्यावर फडक्याने पुसून भागत नाही, आतल्या अरुंद भागात पाणी राहते. ओटीजी बंद केल्यानंतर तो कोमट असताना ती जाळीवर ठेवून वाळवतो आणि झाकणाच्या डब्यात भरतो. जूनपासून एकाही नोझलला गंज नाही. आता ४७ क्रमांकाचे नोझल मागवले आहे, टोपलीची वीण शिकण्यासाठी. हवा कोरडी आहे तोवर, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत, ती हातात बसवायची आहे.